एक वर्ष कुठे राहाल?

गेल्या पौर्णिमेला कल्याण पूर्वेच्या आमच्या बुद्धविहारात त्रिसरण-पंचशील झाले, खीरदान झाले आणि नेहमीप्रमाणे मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. या खेपेस गाणी-भाषणे बाजूला ठेवून आम्ही मुलांना एकच प्रश्न घातला. खर्चाची काळजी नाही, सुट्टीची काळजी नाही, असे एक वर्ष मिळाले तर कुठे जाऊन राहाल आणि तिथे काय काम कराल?

मुलेच ती, उत्तरे भराभर आली. एकाने दुबई सांगितली, कारण त्याचा मामा तिथे एसी दुरुस्तीचे काम करतो. एकीने अमेरिका सांगितली. एकाने गोवा म्हटल्यावर सगळे हसले. काम काय करशील, असे विचारले तर म्हणाला, "हॉटेलात राहीन आणि समुद्र बघत भांडी घाशीन." डोंबिवलीहून आलेला एक लहान मुलगा म्हणाला, "मी व्हीटी स्टेशनच्या बाजूला राहीन." आम्हाला वाटले, पोराला गंमत सुचली. पण तो गंभीर होता. त्याचे वडील पहाटेच्या गाडीने फोर्टला जातात आणि रात्री उशिरा येतात. तो म्हणाला, "तिथं राहिलो तर पप्पा मी जागा असताना घरी येतील."

यावर सभागृह जरा शांत झाले. मागे भिंतीला टेकून एक आजी बसल्या होत्या. वातावरण हलके व्हावे म्हणून आम्ही त्यांना विचारले, "आजी, तुम्ही कुठे राहाल?"

आजी म्हणाल्या, "मी राहतेच की. बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही जालन्याकडून एका वर्षासाठीच कल्याणला आलो होतो. पाऊस पडला की परत जायचं ठरलं होतं. इथं आले, नळावर हंडा लावला. बघते तर नंबर हंड्याचा लागतो, जातीचा नाही. मालकाला म्हणलं, तुम्ही जायचं तर जा, मी काही परत येत नाही. आमचं ते एक वर्ष अजून चाललंय."

वाचकहो, त्या दिवशी घरी येताना आमच्या मनात आजींचेच शब्द घोळत होते. मनपसंत जागी वर्षभर राहणे ही श्रीमंतांची हौस, असे आम्ही आजवर धरून चाललो होतो. पण आपल्या आजे-पणज्यांना राहण्याची जागा निवडण्याचा अधिकारच कुठे होता? गावाने दाखवली ती जागा, गावकुसाबाहेरची, वाऱ्याच्या खालच्या अंगाची. काम गावाने ठरवले ते, आणि पाणी कोणी वरून ओतले तर. जागा नेमून दिलेली असली की माणूसही नेमून दिल्यासारखा होतो. म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्यांचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी खडे बोल सुनावले होते.

आपली माणसे गावातून निघाली आणि कुणी कल्याणच्या रेल्वे यार्डात लागले, कुणी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, कुणी शहाड-आंबिवलीच्या गिरण्यांत, कुणी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. खोली दहा बाय दहाची, छप्पर पत्र्याचे. पण ती जागा आपण निवडलेली होती. त्यांच्या स्वप्नातले गाव म्हणजे हेच आपले ठाणे-कल्याण. आज आपण या गावाला गर्दीचे, खड्ड्यांचे, पाणीकपातीचे म्हणून नावे ठेवतो. ठेवावीत, तो आपला हक्क आहे. पण हे गाव कुणीतरी स्वप्न म्हणून गाठले होते, हे मुलांना सांगायला विसरू नये.

आता मुख्य गोष्ट. त्याच दिवशी आजींच्या शेजारी त्यांची नात गप्प बसून होती. कार्यक्रम संपल्यावर मुलीची आई आमच्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, तुम्ही मुलांना गमतीत विचारलंत. आमच्या घरात हाच प्रश्न खरा होऊन बसलाय." मुलीला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एका वर्षाच्या एम.ए.साठी प्रवेश मिळाला आहे. वडील रिक्षा चालवतात, आई डोंबिवलीत दोन घरचा स्वयंपाक करते. घरात पंधरा दिवस नीट जेवण नाही. आत्या म्हणते, परत येईपर्यंत पोरगी सव्वीसची होईल, मग स्थळ कोण बघणार? वडील म्हणतात, खोली गहाण टाकली आणि पोरगी तिकडेच राहिली तर कर्ज कोण फेडणार? धाकटा भाऊ म्हणतो, इथे काय कॉलेजे नाहीत?

आम्ही त्या माउलीला लगेच उत्तर दिले नाही. असाच प्रश्न आणखी घरांत असेल, म्हणून या सदरातून सविस्तर लिहीत आहोत.

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. वय २२. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. कोलंबिया विद्यापीठात नवल भथेना या पारशी तरुणाशी त्यांची मैत्री झाली आणि ती जन्मभर टिकली. तिथे त्यांनी केवळ पदवीपुरते शिकून भागवले नाही. एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, शिवाय तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, फ्रेंच आणि जर्मन. मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातींविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध तिथेच वाचला. गावकुसाच्या आत राहून ज्या जातीकडे डोळे वर करून बघता येत नव्हते, तिची चिरफाड त्यांनी हजारो मैलांवरून केली. घराबाहेर पडल्याशिवाय घराचा आकार दिसत नाही, तसेच हे.

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते परतले आणि करारानुसार बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. आणि मग काय झाले? न्यूयॉर्क-लंडनमध्ये ज्यांना खोली मिळाली, त्यांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनी सबबी सांगितल्या. शेवटी बाबासाहेब कामाठी बागेत जाऊन बसले. ही हकीकत त्यांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात सांगितली आहे. परदेशातल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे ते तिथे लिहितात. बडोद्याने ती परत आणून दिली.

वाचकहो, इथे थोडे थांबा. परदेशाने त्यांना पदव्या दिल्या हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, कुणी जात न विचारता माणूस म्हणून कसे जगता येते, याचा प्रत्यक्ष अनुभव तिथे मिळाला. ज्याने असे एक वर्ष जगून पाहिले, त्याला पुढे कुणी कितीही सांगितले की हे असेच चालायचे, तरी ते पटत नाही. आजींच्या नळावर झाले तेही हेच. जालन्याची बाई एका हंड्याने शहाणी झाली.

बाबासाहेब हरले नाहीत. सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपयांवर प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराजांची मदत झाली, भथेनांकडून पाच हजारांची उसनवारी झाली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसायचे आणि रात्री भाजलेल्या पापडांवर भूक भागवायची, असे ते दिवस चरित्रकारांनी लिहून ठेवले आहेत. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या १० क्रमांकाच्या घरात राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. आज तिथे स्मारक आहे.

पण या सगळ्या वर्षांचा हिशेब एकट्या बाबासाहेबांच्या नावावर मांडता येणार नाही. त्यांच्या परदेशातल्या वर्षांची किंमत परळच्या चाळीत माता रमाईने मोजली. हाती अपुरा पैसा, पदरी मूल, आणि नवरा समुद्रापलीकडे. पुढे चार अपत्यांचा मृत्यू त्या माउलीने पाहिला. आपण तिच्या त्यागाची गाणी म्हणतो आणि घरी येऊन पुन्हा सगळा भार घरातल्या बाईवरच टाकतो. म्हणून आमचे पहिले सांगणे त्या मुलीच्या धाकट्या भावाला आहे. बाळा, ताईला जायचे तर तिचे पाणी भरणे, आजीला दवाखान्यात नेणे, संध्याकाळच्या पोळ्या, हे सगळे आईच्या अंगावर पडू देऊ नकोस. तू पोळी लाटायला शिकलास तर ताईच्या शिक्षणात तुझाही वाटा पडेल.

दुसरे सांगणे वडिलांना. दादा, खोली गहाण टाकण्याआधी शिष्यवृत्तीची दारे ठोठवा. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून वर्षाला ७५ जणांची निवड होते. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींच्या आहेत. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत आणि उमेदवाराचे वय ३५ च्या आत हवे. मात्र २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज या विषयांच्या अभ्यासाला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. म्हणजे जातींवर निबंध लिहायला आज कुणी निघाला तर या दारातून त्याला जाता येणार नाही! तेव्हा विषय बघून अर्ज करावा. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एका वर्षाच्याच एम.ए.साठी असते. तिला आधी दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण झाल्यावर मायदेशी परतून दोन वर्षे राहावे लागते. पोरगी तिकडेच राहील, ही भीती वाटणाऱ्या पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

अटी बदलत असतात, म्हणून त्या-त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी, ऐकीव माहितीवर जाऊ नये. जातीचा दाखला, जात पडताळणी प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट ही चार कागदपत्रे प्रवेशाची वाट न बघता आधीच काढून ठेवावीत. १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. त्यासाठी आपल्या माणसांनी चौतीस वर्षे लढा दिला. तो हक्क दाखल्याअभावी वाया जाऊ नये. आणि शिष्यवृत्तीचा निकाल लांबला तर विद्यापीठाला पत्र लिहून प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का, ते विचारावे. अनेक ठिकाणी ती सोय असते. एक वर्ष उशिरा गेले तर काही बिघडत नाही. बाबासाहेबांनाही लंडनचा अभ्यास पुरा करायला मध्ये तीन वर्षे थांबावे लागले होते.

दुबई म्हणणाऱ्या आमच्या छोट्या मित्रालाही एक सांगावेसे वाटते. कामासाठी परदेशी जाणे वाईट नाही, अनेक घरे त्यावर उभी राहिली. पण १९८३ च्या कायद्यानुसार परदेशी कामाला माणसे पाठवणाऱ्या एजंटाकडे सरकारी परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक पडताळून बघितल्याशिवाय कुणाच्या हाती पासपोर्ट आणि पैसे देऊ नयेत. टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर नोकरीचे बघू, असे कुणी सांगितले तर तिथूनच परत फिरावे.

परदेश म्हणजे जात नसलेला स्वर्ग, असेही समजू नका. आपले लोक जिथे गेले तिथे जातही बोचक्यात बांधून घेऊन गेले. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी करणारा कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. आणि इथे आपल्या ठाणे-डोंबिवलीत तरी काय? जाहिरात बघून गेलेल्या आपल्या मुलांना आडनाव ऐकल्यावर "जागा कालच दिली" असे सांगणारे घरमालक आम्ही पाहिले आहेत. बडोदा अजून संपलेला नाही. फरक इतकाच की आज आपल्या हातात कायदा आहे आणि पाठीशी समाज आहे.

ज्यांना विमानाचे तिकीट परवडत नाही त्यांनी निराश होऊ नये. एक वर्ष राहून माणूस घडेल अशा जागा रेल्वेच्या अंतरावरही आहेत. नागपूरला कामठी रस्त्यावर नागलोक आहे. तिथल्या नागार्जुन प्रशिक्षण संस्थेत २००२ पासून देशाच्या अनेक राज्यांतली आपली मुले-मुली निवासी राहून धम्म आणि समाजकार्य शिकतात. कल्याणचे पोर तिथे केरळच्या आणि ओडिशाच्या पोरांबरोबर एका पंगतीत जेवते, हेही शिक्षणच. तिथे चालत्या बुद्धाची भव्य मूर्ती आहे. बुद्धाने पहिल्या साठ भिक्खूंना एका वाटेने दोघे न जाता लोकांच्या हितासाठी चहूकडे जायला सांगितले होते. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी वर्षावास आणि एरवी चारिका, हा संघाचा नियम. चालणारा धम्म आहे आपला. आपल्या कल्याणातल्या व्यापाऱ्यांनी आणि सोनारांनी कान्हेरीच्या लेण्यांना दाने दिली, ती नावे तिथे दगडात कोरलेली आहेत. ते दान स्वीकारणारे भिक्खूही कुठून कुठून चालत आलेले असतील.

आता त्या माउलीविषयी. पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, कागदपत्रे बघून झाली, दोन अर्ज भरायचे ठरले. निघता निघता आम्ही तिला सहज विचारले, "ताई, तुम्हाला एक वर्ष मिळालं असतं तर तुम्ही कुठे राहिला असता?"

ती आधी नुसती हसली. मग म्हणाली, "नागसेनवनात. दहावीला मला चांगले मार्क होते. बाबासाहेबांनी १९५० मध्ये काढलेलं मिलिंद कॉलेज आमच्या गावापासून काही लांब नव्हतं. भाऊ गेला शिकायला. मला म्हणाले, एकाच्याच खर्चाची ताकद आहे."

खोलीत कुणी बोलले नाही. रिक्षावाले दादा खाली बघत होते. शेवटी आजीच म्हणाल्या, "आम्ही बाहत्तरला निघालो तेव्हा कुणाला विचारलं होतं? हिला जाऊ द्या. आणि जाताना सांगा, काय शिकलीस ते इथं येऊन सांगायचं म्हणून."

आत्याबाई अजून रुसलेल्या आहेत. अर्जांचे निकाल लागायचे आहेत. लागतील तेव्हा कळवू, मग ते कसेही लागोत.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही घरी एका रात्री जेवणे उरकल्यावर टीव्ही बंद करा आणि हा प्रश्न सगळ्यांना विचारा. कुठे राहाल, काय काम कराल, आणि परत येताना समाजासाठी काय आणाल? मुलांना विचारा, तसे घरातल्या बाईलाही विचारा. तिला आजवर कुणी विचारले नसेल. उत्तर लिहून ठेवा. त्यातले एखादे तरी पुरे करता येते का, ते सगळ्यांनी मिळून बघा. आणि जमले तर आम्हालाही कळवा.

सप्रेम जयभीम.